मैनीच्या कानात

१

शालूबाईनं छाती बडवून सांगितलं, पण तिचं कुणी म्हणून कुणी खरं मानलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मानलं नाही, पोटच्या पोरानं मानलं नाही, आणि नवऱ्यानं तर मान खाली घालून स्वतःच्या चपलेकडं बघत बसण्यापलीकडं काही केलं नाही.

आणि सांगणं तरी काय होतं? एवढंच, की चौदा महिने झाले, तिनं सुनेशी एक शब्द काढलेला नाही. चांगला नाही, वाईट नाही. मग ‘जेवू नको’ असं ती तिला म्हणेल कशी?

“अख्ख्या उचगावाला ठावं हाय,” दवाखान्याच्या बाकावर बसून ती म्हणत होती. “मी तिच्याशी बोलतच न्हाई. कुणालाबी विचारा की.”

काही बायका दागिना मिरवतात, काही पोरांची नोकरी मिरवतात. शालूबाई आपला अबोला मिरवत होती.

“आई, हळू बोल,” सम्राट म्हणाला.

“हळू कशाला बोलू? ती पोरगी धडधडीत खोटं सांगती, आणि मी हळू बोलू व्हय?”

सून सुष्मिता आतल्या खाटेवर पडली होती. वजन चौतीस किलो. हाताला सलाईन. डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर ती हसून म्हणाली होती, “आत्ती रोज बोलतात की माझ्याशी. दुपारच्या. लई गोड बोलतात.” सासूला ती आत्ती म्हणायची.

२

सुष्मिता गडहिंग्लजच्या पलीकडची, सीमेला लागून असलेल्या गावची. लिंगायत घरातली. आई गौराबाई, बाप शिवय्या, घरात बोलणं निम्मं कानडी. सम्राटनं तिच्याशी नोंदणी करून लग्न केलं आणि दारात आणून उभी केली, तेव्हा शालूबाई लई बोलली. पण बोलली. बोलणं होतं तोवर भांडण होतं, आणि भांडण असलं की घर चालतं.

अबोला धरला तो पहिल्या रविवारी. कोडोलीहून शालूबाईची थोरली बहीण आणि तिचे पाचसहा पावणे आले होते. शालूबाईच्या हातचा तांबडा-पांढरा म्हणजे भावकीत नाव होतं. लग्न असो, जावळ असो, रस्सा शालूबाईनंच ढवळायचा. त्या दिवशी नव्या सुनेला वाढायला सांगितलं. पोरीनं आयुष्यात मटण शिजताना बघितलं नव्हतं. तिनं पातेल्याचं झाकण काढलं, नाकाला पदर लावला आणि तोंड दाबून मोरीकडं पळाली.

बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, “शालू, तुझ्या हाताचा वास सुनंला सोसंना व्हय गं?”

पावणे पोट धरून हसले. झालं ते एवढंच. पोरगी नंतर पाया पडली, रडली, “चुकलं आत्ती” म्हणाली. शालूबाईनं तिच्या डोक्यावरून पलीकडं बघितलं.

आमच्याकडं अबोला धरला म्हणून घरातली कामं थांबत नाहीत. माणसाला सांगायचं नसलं की भिंतीला सांगतात, मांजराला सांगतात. शालूबाईच्या घरी मैनी होती, काळीभोर म्हैस, शिंगं मागं वळलेली. सैपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये एक पत्रा. शालूबाई गोठ्यात उभी राहून मोठ्यानं म्हणायची, “मैने, सांग तिला, वैरण टाकायची राहिलीया.” पत्र्यापलीकडून पोरगी म्हणायची, “मैनीआक्का, सांगा आत्तींना, टाकली म्हणावं.”

सुरुवातीला तिला ती गंमत वाटली. तिला वाटलं, आठ दिवसांत सासू हसेल.

आठ दिवसांचा महिना झाला. शालूबाईनं गल्लीतल्या बायकांना ताकीद दिली, “तिच्याशी जी बोलंल तिनं माझ्या दारात यायचं न्हाई.” शालूबाईच्या तोंडाला गल्ली भिऊन होती. पाण्याला गेली की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. सम्राट फौंड्रीत, बारा तास कामाला आणि उरलेले झोपेला. शालूबाईचा नवरा बाळासो रिटायर होऊन टीव्हीपुढं बसलेला, तो सुनेशीच काय, कुणाशीच बोलत नव्हता. पोरगी मग मैनीआक्का म्हणायची पण थांबली. काम सांगितलं की मुकाट करायची.

३

धारेला बसताना शालूबाई वेगळी बाई असायची.

मैनी आवाजाची म्हैस. सरकी पेंड पुढ्यात असू दे, कासेवर कोमट पाणी मारलेलं असू दे, कानाशी बोलल्याशिवाय तिला पान्हा फुटत नसे. आणि बोलणं शालूबाईचंच लागायचं. सम्राट एकदा बसला, बाळासो एकदा बसला. दोघंही लाथ खाऊन उठले. शालूबाई डावा गाल तिच्या पोटाला टेकवायची आणि अंगाई म्हणावी तशी बोलायला लागायची. मग मैनीचं रवंथ मंद व्हायचं, कान मागं वळायचा, आणि सड टरारून यायचे. आवाज कानात गेला की दूध खाली उतरतं, हे शालूबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं तिनं तेच केलं होतं.

पण बोलायचं काय? अबोला धरल्यापासून तिच्या पोटात एकच विषय साठलेला. तो तिथं बाहेर पडायला लागला. सकाळी आणि सांजेला, मैनीच्या कानात, अगदी हळू.

“मैने, माझी बाय ती. हिचा घास घशातच अडकू दे गं. खाल्लेलं अंगी लागू नये गं हिच्या. हितली न्हाई ती, हितं टिकू नये.”

म्हशीला शब्दांशी देणंघेणं नव्हतं. तिला सूर हवा होता, आणि तो लोण्यासारखा मऊ होता. शालूबाई स्वतःच्या लेकराशीही इतकं गोड कधी बोलली नव्हती. बादलीत फेस चढायचा. तिचं मन मोकळं व्हायचं. उठताना तिला वाटायचं, मुकं जनावर, ते काय कुणाला सांगतंय.

पत्र्याला खालच्या अंगाला एक भेग होती, हाताचा पंजा जाईल एवढी. पलीकडं पोरगी तांदूळ निवडायला बसायची. शालूबाईला ते ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं कधी त्याचा विचार केला नाही, एवढंच.

४

शिमगा होऊन गेला होता. ऊन तापायला लागलं होतं. दुपारी बारा ते तीन शालूबाई मळ्याकडं वैरण कापायला जायची. एक दिवस डोक्यावर भारा घेऊन परत येताना पिराजी मोटरसायकलवरून आडवा आला. पिराजी डेअरीत दूध मोजून घ्यायचा, गल्लीतलाच. त्यानं गाडी थांबवली.

“मावशी, तुमी हितं? मग आत्ता गोठ्यात कोण बोलत हुतं?”

“कोण बोलत हुतं?”

“तुमीच की. म्हशीला गोंजारत हुता. म्हटलं मावशी आज निवांत हाईत.”

“उनात हिंडून टकुरं फिरलंय तुझं. जा, घरी जाऊन ताक पी.”

पिराजी हसला आणि गेला. शालूबाईही हसली. भारा गोठ्यात टाकला तेव्हा पाय ओले झाले.

मैनीच्या खाली दूध सांडलं होतं. सांडलं म्हणजे बादली उलटून नव्हे. बादली खुंटीला पालथी होती. चारी सडांतून थेंब थेंब गळत होते आणि शेणपाण्याच्या चरीतून पांढरी रेघ बाहेर चालली होती. मांजर ती चाटत होतं. मैनी डोळे अर्धे मिटून उभी होती. कान मागं वळलेला.

पान्हा सोडला होता म्हशीनं. भरदुपारी, कुणी हात न लावता.

शालूबाई पत्रा ओलांडून सैपाकघरात डोकावली. सुष्मिता भेगेशी बसली होती. पुढ्यात निवडायच्या तांदळाचं सूप, बोटं थांबलेली. चेहरा असा, की लांबून कुणी आपलं माणूस येऊन भेटून गेलंय. सासूला बघून ती दचकली नाही. तिनं हसून पदर सावरला आणि भेगेकडं एक नजर टाकली.

शालूबाईच्या जिभेवर आलं, ‘कोण हुतं गं गोठ्यात?’ तिनं ते गिळलं. अबोल्याला चारच महिने झाले असते तर विचारलं असतं. वर्ष उलटून गेल्यावर माघार घ्यायची म्हणजे हरणं.

५

मग पोरीचं जेवण तुटलं.

आधी भाकरी गेली. तुकडा तोंडात फिरवायची, फिरवायची आणि ताटाच्या कडेला काढून ठेवायची. “उतरंना,” एवढंच सम्राटला म्हणायची. मग भात गेला, मग आंबील, मग पाणीसुद्धा चमच्यानं. गालफडं आत गेली. पाळी बंद झाली. न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके सापडायला लागले.

शालूबाईला पहिल्यांदा बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. नाटकं करतीय, म्हणाली. माहेरी न्यावं म्हणून उपाशी बसतीय, म्हणाली. मग एक दिवस ती जाळीतला केसांचा पुंजका काढत होती आणि तिला आठवलं. केसांचं आपण मैनीला नेमकं कधी बोललो होतो? होळीच्या आदल्या दिवशी. ‘हिच्या वेणीचा लई तोरा, गळून पडू दे गं सगळी.’ तिनं पुंजका मुठीत दाबला आणि बाहेर फेकला. पोरीची केसं गळतात. अशक्तपणा आला की गळतातच. त्यात काय.

सम्राटनं कोल्हापुरात दवाखाने केले. रक्त काढलं, फोटो काढले, घशातून नळी घालून बघितलं. सगळीकडं एकच उत्तर, रिपोर्ट चांगला आहे.

“चांगला हाय तर ही मरतीया कशानं?” सम्राट फाईल कॉटवर टाकून म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी उचलून दवाखान्यात भरती केली.

६

तिथल्या डॉक्टरीणबाई पूर्णिमा. वयानं सम्राटएवढ्याच, पण विचारायच्या एखाद्या म्हाताऱ्या शिक्षिकेसारख्या, उत्तर येईपर्यंत गप्प बसून. त्यांनी शालूबाईला एकटीला आत घेतलं.

“घरात सूनबाईंशी कोण कोण बोलतं?”

“सम्राट बोलतो.”

“आणखी?”

शालूबाईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

“तिच्या घशात काही नाही, मावशी. गिळायची नळी उघडी आहे. पण घास आला की ती बंद करून घेते. तिला असं वाटतं की खायची परवानगी नाही. जिच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही तिच्या कानावर जे पडेल ते तिच्या पोटात जातं. तुम्ही तिला दुपारी काय म्हणता?”

“दुपारी मी मळ्यात असतो. आणि मी तिच्याशी बोलतच न्हाई.”

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला आणि वाचून दाखवला. “‘माझी बाय ती. घास घशातच अडकू दे. हितली न्हाई ती, हितं टिकू नये.’ हे तिनं जसंच्या तसं सांगितलं. चालीवर सांगितलं.”

 ते शब्द शालूबाईच्या आणि मैनीच्या पलीकडं कुणाला माहीत नव्हते. मग तिनं स्वतःला सावरलं. पत्र्याला भेग आहे, पोरीला कान आहेत. ऐकलं असेल चोरून.

“सकाळ-सांजेची धार काढताना मी म्हशीशी बोलतो. ते ऐकलं असंल तिनं.”

“ती दुपारच म्हणते. आणि म्हणते की तिनं काही विचारलं तर तुम्ही उत्तरही देता.”

त्यानंतर बाकावर जो तमाशा झाला तो सांगितलाच आहे.

तीन दिवसांनी थोडी तरतरी आली म्हणून पोरीला घरी सोडलं. डॉक्टरीणबाईंनी सम्राटला बजावलं, “अबोला सोडा. नाहीतर पुढच्या वेळी ती इथपर्यंत पोचणार नाही.”

सम्राट आईपुढं उकिडवा बसला. “आई, एकदा बोल तिच्याशी. ‘जेव’ एवढं म्हण. दोन अक्षरं हाईत.”

“तिनं आधी सांगावं, मी खोटं बोलले म्हणून. मग बघू.”

“मरंल ती.”

“माझ्यामुळं मरंल व्हय? मी काय केलंय? बोललो तरी मी वाईट, न्हाई बोललो तरी मीच वाईट.”

पण त्या दिवसापासून तिनं धारेला बोलणं बंद केलं. ओठ घट्ट मिटून बसायची. मैनी मान वळवून वळवून बघायची, पाय झाडायची, दूध चढवून घ्यायची. बादलीचा तळ झाकत नव्हता. पिराजी म्हणाला, “मावशी, म्हस आटली काय?” आटली नव्हती. दुपारी शालूबाई मळ्यातून आली की चरीतून पांढरी रेघ वाहत असायची, रोजच्या रोज, आणि ती रोज खराट्यानं धुऊन टाकायची.

तिला मोबाईलचा संशय आला. आवाज भरून ठेवला असेल पोरीनं आणि दुपारी लावत असेल. तिनं सुष्मिताचा मोबाईल उचलून सम्राटला तपासायला लावला. त्यात आईबापाचे फोटो होते आणि एक कानडी देवाचं गाणं. मोबाईल तिनं दोन दिवस स्वतःच्या कमरेला खोचून ठेवला. रेघ थांबली नाही.

७

तिसऱ्या दिवशी शालूबाईनं जाहीर केलं, “मी कोडोलीला जातो. बहिणीच्या नातवाचं बारसं हाय. सांजंला येईन.” हिरवं लुगडं नेसली, पिशवी घेतली, फाट्यावर जाऊन उभी राहिली. बस आली. बसमधल्या बाया तिला सरकून जागा करून द्यायला लागल्या. ती चढली नाही.

परतीच्या वाटेत तिच्या मनात एकच होतं. जाऊ दे मरू दे, सुटेल ती आणि सुटू आम्ही. हे तिनं तोंडातून काढलं नाही. मैनीपुढंसुद्धा काढलं नव्हतं. नुसतं मनात आलं आणि तिनं पायाखालचा खडा बाजूला करावा तसं ते बाजूला केलं.

ती घराच्या मागच्या अंगानं आली, उकिरड्याच्या बाजूनं. गल्ली उन्हात निपचित पडली होती. दारं लावलेली. कुठंतरी कुकरच्या शिट्ट्या, आणि घरात बाळासोचा टीव्ही. गोठ्याच्या मागच्या भिंतीला कुडाचा एक भाग होता, पेंढा घुसवलेला. तिथं उभं राहिलं की आतलं सगळं ऐकू यायचं.

आतून तिचाच आवाज येत होता.

माणसाला आपला आवाज ओळखू येत नाही म्हणतात. शालूबाईला आला. प्रत्येक ‘गं’वर सूर खाली सोडायची तिची खोड होती. ती तशीच होती.

“माझी बाय ती. आता दमलीस न्हवं? आता पड. पाणीसुद्धा नको.”

“आत्ती, भूक लागत न्हाई आता.”

“लागायची न्हाई. मी हाय की.”

“तुम्ही एकट्याच बोलता बघा माझ्याशी.” पोरीचा आवाज कोरड्या पानासारखा. “आणि किती दिवस, आत्ती?”

“थोडंच, बाय. मग तू सुटशील आणि सुटू आम्ही.”

शालूबाईनं पेंढ्यात बोटं घातली आणि तो बाजूला केला.

सुष्मिता पत्र्याच्या ह्या बाजूला आली होती. गव्हाणीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर उपडे. तिच्या आणि कुडाच्या मध्ये मैनी आडवी उभी, डोळे मिटलेले, सडांतून धारा लागलेल्या. आणि मैनीच्या पलीकडच्या अंगाला, जिथं धारेला बसतात तिथं, खाली हिरव्या लुगड्याचा सोगा दिसत होता. बसलेल्या बाईचे पाय. टाचेला भेगा. म्हशीच्या पाठीवर एक हात होता, गोंजारत होता, आणि त्या हाताच्या मनगटाशी रस्सा सांडून भाजल्याचा डाग होता, बारीक, पिंपळाच्या पानासारखा. शालूबाईनं आपल्या मनगटाकडं बघितलं नाही. बघायची तिची छाती झाली नाही.

तिनं तोंड उघडलं. चौदा महिन्यांनी, पंधरा व्हायला आले होते, तिनं त्या पोरीला नावानं हाक मारायला तोंड उघडलं.

घशातून वारा निघाला. नुसता वारा. तिनं पुन्हा जोर लावला, मान ताणली, शिरा टरारल्या. काही आलं नाही.

आत तो हात थबकला. जणू बोलणाऱ्या बाईला वाटलं, कुणीतरी आपला आवाज मागतंय. मग हात पुन्हा पाठीवरून फिरायला लागला आणि बोलणं पुढं चालू झालं, जरा आणखी गोड.

शालूबाई घराला वळसा घालून पुढच्या दारानं धावत आली, बाळासोला ओलांडून, पत्रा ओलांडून. गोठ्यात मैनी होती. पोरगी गव्हाणीखाली आडवी झाली होती, डोळे उघडे. धारेच्या जागी कुणी नव्हतं. जमीन तेवढी कोरडी होती, एका माणसाच्या बैठकीएवढी, आणि तिच्या चारी बाजूंनी दूध वाहत होतं.

८

दवाखान्यात पोरीच्या नाकात नळी घालायचं ठरलं. त्याआधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक प्रयत्न तोंडानं करून बघू. पेजेची वाटी मागवली. गौराबाई गावाहून आली होती, खाटेच्या पायथ्याशी उभी होती, आणि तिची नजर शालूबाईच्या अंगावरून हलत नव्हती.

“माझं लेकरू भरल्या अंगानं दिलतं मी,” गौराबाई म्हणाली. “हाडं परत द्यायलीसा. कुणी केलं एवढं सांगा मला. मग मी नेते तिला.”

“आई, बोल की आता तरी,” सम्राट म्हणाला.

शालूबाईनं गळ्याला हात लावला आणि मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी तिचा घसा उजेड टाकून बघितला होता. काही नव्हतं. सूज नाही, गाठ नाही. सगळं चांगलं. सम्राटच्या चेहऱ्यावर तिला दिसत होतं, त्याला हे तिचं नवं नाटक वाटतंय. अबोल्याचा आणखी एक मजला.

तिनं पेजेची वाटी उचलली. पोरीच्या उशाशी बसली. चमचा भरून तिच्या ओठांशी नेला आणि स्वतःच्या ओठांनी तो शब्द केला, दोन अक्षरांचा. जेव. पुन्हा केला. डोळ्यांतून पाणी गळून वाटीत पडलं, तरी करत राहिली. सुष्मितानं ओठ मिटून घेतले. रागानं नाही. शेजारची बाई विनाकारण आग्रह करते तेव्हा मिटावेत तसे. आणि तिनं सासूच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं, कुणाची तरी वाट बघावी तशी.

सम्राटचा फोन वाजला. बाळासो घरून करत होता. त्याचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू गेला. “आरं, तुझी आई घरी आली व्हय? मला बोलली न्हाई काय न्हाई, सरळ गोठ्यात गेली. म्हशीशी बोलत बसलीया.”

सम्राटनं आईकडं बघितलं. त्यानं फोन बंद केला. खाटेवर पोरीनं मान जराशी कलती केली होती, जसं लांबून ऐकू येणारं नीट ऐकावं, आणि ती हसत होती.

डॉक्टरीणबाई तिच्यावर वाकल्या. “सुष्मिता, ज्यांनी तुला जेवू नको सांगितलं, त्यांनीच ‘जेव’ म्हटलं तर जेवशील?”

तिनं मान हलवली. हो.

“कोण त्या?”

“आत्ती.”

“आत्ती इथंच आहेत. ह्या बघ.”

सुष्मितानं शालूबाईकडं बघितलं. बराच वेळ बघितलं, ओळख काढावी तशी. “ह्या न्हवं,” ती म्हणाली. “ह्या माझ्याशी बोलत न्हाईत. त्या वेगळ्या. गोठ्यातल्या.”

 डॉक्टरीणबाईंनी हळूच कागद पुढं घेतला आणि पेनाचं टोपण काढलं. “ठीक आहे. त्यांनाच बोलावून घेऊ. नाव सांग त्यांचं.”

पोरीनं सासरच्या रीतीप्रमाणं नाव घेतलं नाही. गौराबाईनं सम्राटकडं बघितलं, सम्राटनं जमिनीकडं.

शालूबाईनं वाटी खाली ठेवली. डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन घेतलं. लिहायची सवय मोडलेली. अक्षरं शिरोरेघेला धरून एकेक उतरवावी लागली, आणि प्रत्येक अक्षराला तिच्या घशातून तो कोरडा वारा निघत होता. लिहून झाल्यावर तिनं कागद फिरवून गौराबाईपुढं धरला, सगळ्यांना वाचता यावा असा.

शालूबाई.